पहिला अल्बम, नऊ गाणी आणि दीड लाख: पैसे नक्की कुठे घालायचे

प्रश्न थोडक्यात असाय. कोपरखैरणे-घणसोली पट्ट्यातला चार पोरांचा बँड, मराठीत अल्टरनेटिव्ह रॉक करतात, दोन गिटार, बेस, ड्रम्स, गाणारा त्यातलाच एक गिटारवाला. नऊ गाणी तयार आहेत, दीड लाख जमलेत, आणि विचारतायत की सगळं चांगल्या स्टुडिओत करायचं का घरी, ड्रम्स खरे वाजवायचे का प्रोग्रॅम करायचे (एका मित्राने सांगितलंय म्हणे की आजकाल कोणाला कळत नाही), आणि अख्खा अल्बम काढायचा का एकेक गाणं सोडत राहायचं. सोबत जॅमरूममध्ये (सरावाच्या खोलीत) फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पाठवलंय, ते मी पूर्ण ऐकलं.

मी ठाण्याचा, रेकॉर्डिंग-मिक्सिंग हाच धंदा, भजनांपासून जिंगलपर्यंत सगळं करतो आणि मधेमधे बँड येतात तेव्हा बरं वाटतं. आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. नऊतली सात ठेवा. निम्मे पैसे ड्रम्सवर आणि ड्रम्सच्या आधीच्या जॅमरूमवर जाऊ द्या, उरलेल्यातला मोठा भाग मिक्सला (सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्याला), बाकी गिटार-बेस-गाणं सगळं घरी. आणि स्टुडिओची तारीख अजून दोन महिने तरी घेऊ नका, कारण गाणी तयार आहेत असं तुम्हाला वाटतंय पण ती वाजवता येतात एवढंच झालंय.

राग मानू नका. तिसऱ्या आणि पाचव्या गाण्यात दोन्ही गिटार एकाच जागी तेच ओपन कॉर्ड वाजवतायत. जॅमरूममध्ये दोन अँप फुल असतात म्हणून ते भारी वाटतं, रेकॉर्डिंगमध्ये त्याचा नुसता चिखल होतो आणि मग मिक्सवाल्याला सांगता की गिटार मोठी येत नाहीये. एकाने वर जा, कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) लावा, दोनच तारांवर काहीतरी वाजवा, किंवा अंतऱ्याला सरळ हात खाली ठेवून गप्प बसा. गप्प बसणं गिटारवाल्यांना सगळ्यात जड जातं पण कोरस आला की त्याचा जो फरक पडतो तो कुठल्याही पेडलने पडत नाही. चौथ्या गाण्याचा इंट्रो जवळपास दोन मिनिटांचाय, तो लाइव्हला ठेवा, अल्बमवर चाळीस सेकंद बास. आठवं गाणं चांगलंय पण ते दुसऱ्या गाण्याचंच भावंड आहे, दोन्ही कशाला? आणि नववं अजून लिहून झालेलं नाहीये, तुम्हालाही ते माहितीये, शेवटी सगळे "ओ ओ" करताय त्यावरून कळतं.

शब्दांचं एक. मराठीत क्रियापद शेवटी येतं त्यामुळे यमक जुळवायला आहे-राहे, गेला-मेला हे फुकटात मिळतं आणि सगळ्या ओळी तिथेच जाऊन आपटतात. तुमच्या पहिल्या गाण्यात सलग सहा ओळी अशाच आहेत. दोन ओळी उलट्या फिरवल्या, नामावर संपवल्या तरी गाणं एकदम जागं होतं.

तर हे सगळं जॅमरूममध्ये करायचं, स्टुडिओचं मीटर चालू असताना नाही. पद्धत सोपीये. प्रत्येक गाण्याचा टेंपो ठरवा, फोनवर रेकॉर्ड करा, घरी जाऊन प्रत्येकाने वेगवेगळं ऐका, पुढच्या वेळी भांडा. ड्रमरला क्लिकवर (कानात तालाची टकटक चालू ठेवून) वाजवायची सवय आत्तापासून लावा, पण क्लिक म्हणजे अख्ख्या गाण्याला एकच आकडा असं नाही. तुमचा कोरस नैसर्गिकपणे पळतो, तो मिनिटाला दोन-तीन ठोके (बीपीएम) जास्त पळू दे, क्लिकचा मॅप तसा बनवता येतो. सातव्या गाण्याला, जे संथ आहे, मी असतो तर क्लिकच लावला नसता, चौघांनी एका खोलीत बसून वाजवलं असतं आणि चांगला टेक आला की संपलं.

इथे कोणीतरी निर्वाणा या अमेरिकन बँडचं उदाहरण देतंच, की त्यांचा पहिला अल्बम, ब्लीच, 1989 चा, 606 डॉलर 17 सेंटमध्ये झाला, मग आपल्याला दीड लाख कशाला. आकडा खराय. जॅक एंडिनोने सिएटलमध्ये रेकॉर्ड केला, साधारण तीस तासांचं बिल होतं. पण त्या गोष्टीतला कामाचा भाग तीस तास हा आहे. तीस तासांत अल्बम उरकतो याचा अर्थ आत जाताना गाणी हातात बसलेली होती, आणि तरी त्यातली काही गाणी आधीच्या वेगळ्या सेशनमधली आहेत, ड्रमरही वेगळा. स्टुडिओत बसून "इथे ब्रिज टाकूया का" असं कोणी करत नव्हतं. आपल्याकडे उलटं चालतं, आठ तासांतले तीन तास चहा आणि ब्रिज.

आता ड्रम्स. प्रोग्रॅम केलेले ड्रम्स वाईट नसतात, पॉपला उत्तम चालतात, आणि ड्रमर नसता तर मीच सांगितलं असतं करा म्हणून. पण तुमच्याकडे ड्रमर आहे आणि खरं सांगू का, तुमच्या बँडमधली सगळ्यात चांगली गोष्ट तोच आहे. हाय-हॅट (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजा) तो बीटच्या किंचित मागे ठेवतो, त्यामुळे गाण्याला एक आळस येतो आणि तोच तुमचा साउंड आहे, तो काढून तिथे सॅम्पल ठेवले की तुम्ही कोणीही व्हाल.

त्यासाठी दोन दिवस पुरतात, पण पूर्ण दोन दिवस. सेटअप आणि आवाज मिळवण्यात पहिल्या दिवसाची दुपार होते, ती धरूनच चला. स्टुडिओ निवडताना माइकची यादी बघू नका, खोली बघा. आत उभं राहून टाळी वाजवा, स्नेअर (खाली स्प्रिंग लावलेला, कडक वाजणारा ड्रम) वाजवून बघा, कानाला बरं वाटलं तर घ्या. रबाळे-महापे एमआयडीसीत किंवा वागळे इस्टेटमध्ये ओळखीने गाळा मिळत असेल तर तोही पर्याय आहे, उंच छत असतं, रात्री शेजारी कोणी नसतं, आणि खोलीचा आवाज एखाद्या छोट्या कार्पेट मारलेल्या स्टुडिओपेक्षा शंभरपट चांगला येतो. तीन अटी. एक, छत पत्र्याचं असेल तर पावसाळ्यात विचारही करू नका, एक सर आली की ओव्हरहेडमध्ये (ड्रम्सच्या वर लावलेल्या माइकमध्ये) फक्त पाऊस. दोन, अर्थिंग कोणा इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, गाळ्यांमध्ये ते नावालाच असतं. तीन, आठ चॅनेलचा इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र) भाड्याने आणा आणि ज्याला ड्रम्सला माइक लावता येतात असा माणूस पैसे देऊन आणा. इथे काटकसर नको.

आठ चॅनेल म्हणजे किक, स्नेअर वरून, स्नेअर खालून, दोन टॉम, दोन ओव्हरहेड, आणि एक खोलीचा माइक लांब. यात सगळ्यात जास्त वेळ ओव्हरहेडला द्या, कारण ड्रम्सचा खरा आवाज तिथेच असतो, बाकीचे माइक मदतीला. एक वायर घ्या, तिचं एक टोक स्नेअरच्या मधोमध धरा, दुसरं पहिल्या ओव्हरहेडच्या तोंडापर्यंत ताणा, तिथे बोटाने पकडा आणि तेवढंच अंतर दुसऱ्या ओव्हरहेडला ठेवा. दोन्हीकडे अंतर सारखं आलं की स्नेअर दोन्ही माइकला एकाच वेळी पोचते आणि मधोमध घट्ट बसते, नाही आलं तर पोकळ, पातळ, डब्यासारखी येते आणि मग मिक्सला कितीही ईक्यू फिरवा. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (लहरीची दिशा) उलटी करून ऐका, बहुतेक वेळा उलटीच बरोबर असते कारण वरचा पडदा खाली जातो तेव्हा खालचा माइककडे येतो. सगळं 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, आणि लेव्हल लाल दिव्याच्या जवळ नेऊ नका, पीक उणे 10-12 डेसिबलला राहिले तरी काही बिघडत नाही, 24 बिटला भरपूर जागा असते.

स्किन (ड्रमचे पडदे) आदल्या दिवशी नवीन घाला आणि तासभर वाजवून ताणून घ्या. बेस वाजला की स्नेअरची स्प्रिंग आपोआप खरखरते, तुमच्या फोनच्या रेकॉर्डिंगमध्येही ऐकू येतंय, खासकरून दुसऱ्या गाण्यात बेस जिथे एकच सूर धरून बसतो तिथे. थोडी राहिली तर राहू दे, ती खऱ्या खोलीची खूण असते, पण जास्त असेल तर लगतचा टॉम थोडा वरखाली ट्यून केला की कमी होते.

बेस त्याच वेळी डीआयवर (अँपशिवाय, थेट वायरने) लाइव्ह घ्या, ड्रमर आणि बेसवाला एकमेकांना दिसले पाहिजेत. गिटार आणि गाणं तेव्हा फक्त स्क्रॅच, म्हणजे अंदाजापुरतं, नंतर बदलायचं. बेसचा टेक ठेवण्यासारखा आला तर सोनं, नाही आला तर घरी परत वाजवा.

गिटार घरी. साधा दोन चॅनेलचा इंटरफेस चालतो, अँपचं सॉफ्टवेअर चालतं, फक्त कोरा डीआय ट्रॅक कायम जपून ठेवा म्हणजे नंतर आवाज पटला नाही तर तोच खऱ्या अँपमधून काढता येतो. लाइव्हला जेवढा गेन (आवाज फाटण्याचं प्रमाण) लावता त्याच्या निम्मा लावा आणि तोच पार्ट परत दुसऱ्यांदा खरोखर वाजवा, एक डावीकडे एक उजवीकडे. कॉपी-पेस्ट करून उजवीकडे टाकला तर काहीच होत नाही. सिंगल कॉइल पिकअप असतील आणि घर रेल्वे लाइनीला किंवा ट्रान्सफॉर्मरला लागून असेल तर 50 हर्ट्झची घूं येणारच, खुर्ची फिरवत फिरवत बसा, एका कोनात ती एकदम कमी होते, तिथे खाली टेप चिकटवा आणि रोज तिथेच बसा. तारा नवीन, इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येणं) सेट करून. पावसात गिटारची मान हलते, जूनमध्ये केलेलं सेटिंग ऑगस्टला तसंच असेल असं नाही, आणि तुमचे निम्मे पार्ट एका महिन्यात आणि निम्मे दुसऱ्या महिन्यात झाले तर दोन गिटार एकमेकांशी कधीच सुरात लागत नाहीत. कित्येक होम रेकॉर्डिंगमध्ये "काहीतरी बेसूर आहे पण कळत नाही काय" असं जे वाटतं ते हेच असतं.

गाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथे इंग्रजी यूट्यूब बघून शिकलेलं फार उपयोगी पडत नाही. मराठीत ख, घ, फ, भ, ध भरपूर, प्रत्येकात हवेचा झोत येतो आणि तो सरळ माइकवर आपटतो. पॉप फिल्टर लावूनही भ आणि फ फुटतात. त्यामुळे माइक तोंडासमोर न ठेवता नाकाच्या उंचीला ठेवून किंचित खाली वळवा, गाणाऱ्याने समोर बघून गायचं, हवा माइकच्या खालून जाते. दुसरं, चांदणं, जग, माझं यातला दंत्य च-ज-झ आणि स एकत्र आले की टोचतात, ते मिक्सला डी-एसरने (सित्कार कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरने) मारत बसण्यापेक्षा माइकपासून वीतभर लांब व्हा. तुमच्या गाणाऱ्याला ओरडायची सवय आहे, कोरसला चालतं, पण अंतरा तो तसाच गातो कारण जॅमरूममध्ये ड्रम्सवरून ऐकू यायला ओरडावंच लागतं. घरी हेडफोन लावून अगदी हळू एक टेक घ्या, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि मग सगळ्यांनी मिळून ऐका. मला वाटतं तुम्हाला तुमचा गायक नव्याने सापडेल.

जागा कुठलीही चालते, कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाका, मागे दोन गोधड्या लटकवा. कुकरच्या शिट्ट्या आणि सोसायटीतल्या क्रिकेटच्या वेळा टाळा. दिवसाला एकच गाणं, चार-पाच टेक, त्यातून ओळी निवडा. पिच करेक्शन (सॉफ्टवेअरने सूर सुधारणं) वापरा, लाज नको, पण जिथे खरंच कानाला खुपतं तिथेच. सगळं तंतोतंत सुरावर बसवलं की तुमच्या गायकाच्या आवाजात वरच्या पट्टीला जी चीर पडते ती जाते आणि मला तरी तीच आवडली.

मिक्स स्वतः करू नका. शिकू नका असं म्हणत नाही, शिका, पण पहिल्या अल्बमवर नको, कारण गिटारवाला मिक्स करतो तेव्हा गिटार मोठी होते आणि प्रत्येक जण मागे बसून स्वतःचा फेडर (आवाजाची पट्टी) बघतो. बाहेरचा माणूस घ्या. त्याला सगळे ट्रॅक शून्यापासून सुरू होणारे, नावं नीट दिलेले वेव्ह फायलींमध्ये द्या, "ऑडिओ 17 फायनल फायनल" असं नको. दुरुस्त्यांचे किती राउंड ते आधी बोलून घ्या, तीन पुरे, आणि चौघांच्या मिळून एकाच माणसाने कळवायच्या. आणि त्याला एक गोष्ट माझ्याकडून सांगा की गाणाऱ्याचा आवाज नमुन्याला घेतलेल्या इंग्रजी गाण्यापेक्षा थोडा वर ठेव. शूगेझवाल्या बँड्ससारखं गाणं गिटारखाली पुरणं इंग्रजीत स्टाइल वाटते, पण मराठी ऐकणारा माणूस शब्द पकडायला बघतो, नाही पकडता आले तर पहिल्या अंतऱ्यालाच पुढचं गाणं लावतो.

ऐकायचं कुठे? स्टुडिओच्या स्पीकरवर सगळंच चांगलं वाटतं. पाम बीच रोडला गाडीत ऐका, रस्त्याच्या आवाजात बेस उरतो का बघा. मग ठाणे-वाशी लोकलमध्ये साध्या इअरफोनवर. मग आईच्या फोनच्या स्पीकरवर किचनमध्ये, तिथे बेस गाडीत होता तेवढा नसतोच, तर बेसवाल्याने काय वाजवलंय ते निदान कळतंय का, नसेल तर त्याला थोडं डिस्टॉर्शन हवंय.

मास्टरिंग (मिक्स झालेल्या गाण्यांवरचा शेवटचा हात) एका ओळीत: फार पिळू नका. स्पॉटिफाय साधारण उणे 14 लफ्सला (ऐकू येणाऱ्या मोठेपणाचं माप) सगळी गाणी समान पातळीवर आणतं, त्यामुळे जास्त मोठ्याने मास्टर केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं आणि फक्त ठोकलेलं राहतं. ट्रू पीक (आवाजाचं सगळ्यात उंच टोक) उणे 1 डेसिबल ठेवा. सात गाणी एकाच माणसाकडून एकत्र करून घ्या, एकेक वेगळं नको.

हिशोब मी असा मांडीन. जॅमरूम पंचवीस हजार, ड्रम्सचे दोन दिवस माणसासकट चाळीस, स्किन-तारा-सेटअप दहा, मिक्स पन्नास, मास्टरिंग बारा, उरलेले तेरा हजार कव्हर, डिस्ट्रिब्यूशन आणि जे अचानक मोडेल त्याला. हे आकडे तुमच्या बजेटमध्ये बसवलेत, भाव करायला जागा असते, पण प्रमाण बदलू नका. व्हिडिओला यातला एक रुपया नाही. ड्रोन लावून पांडवकड्याला शूट केलेले व्हिडिओ आणि खाली पातळ स्नेअर, असे खूप बघितलेत.

अल्बम का सिंगल, तर दोन्ही. आय-रॉक हा मुंबईचा रॉक महोत्सव 1986 ला सुरू झाला तेव्हापासून तिथलं रंगभवन गाजवणारे कितीतरी बँड आले आणि त्यातले बरेच अल्बम न काढताच संपले, कारण तेव्हा कंपनीशिवाय काढणं फार अवघड होतं. आता स्वतः काढता येतो, तर काढा. पण आधी दोन सिंगल सोडा, पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने, मग अल्बम. सिंगलला जो आयएसआरसी कोड (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) मिळाला तोच अल्बममध्ये त्याच रेकॉर्डिंगला द्या, म्हणजे जमलेले स्ट्रीम वाया जात नाहीत. स्पॉटिफायच्या प्लेलिस्टवाल्यांकडे गाणं पाठवायला रिलीजच्या किमान सात दिवस आधी अपलोड लागतं, तुम्ही चार आठवडे धरा. पैशाची स्वप्नं बघू नका, 2024 पासून स्पॉटिफायवर एका गाण्याला बारा महिन्यांत 1000 स्ट्रीम झाले नाहीत तर त्याचं काहीच मिळत नाही. डिस्ट्रिब्यूटर (गाणी स्ट्रीमिंगवर चढवणारी कंपनी) निवडताना वार्षिक फी भरायची थांबली तर गाणी राहतात का उतरतात हे वाचा. आणि नाव एकदा ठरवा, बँडचं रोमन स्पेलिंग तीन ठिकाणी तीन असेल तर तीन वेगळे आर्टिस्ट तयार होतात आणि ते एकत्र करायला महिने जातात.

राहिलं कागदाचं, जे तुम्ही विचारलंच नाही. गाणी कोणाच्या नावावर? आत्ता सगळे मित्र आहात म्हणून हा विषय निघत नाही, आणि निघायची वेळ येते तेव्हा कोणीतरी पुण्याला किंवा कॅनडाला निघालेला असतो. दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शब्द आणि चाल ज्यांनी केली त्यांचा हक्क वेगळा, आणि रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा, मालक वेगळा. मास्टरवर हक्क ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन, म्हणजे बहुतेकदा पैसे घालून, ते करवून घेतलं त्याचा समजला जातो, आणि तुमच्यात पैसे सारखे आलेले नाहीत, एकाचा अख्खा पहिला बोनस त्यात आहे असं तुम्हीच लिहिलंय. तर प्रत्येक गाण्यासमोर शब्द कोणाचे, चाल कोणाची, किती टक्के, आणि मास्टरमध्ये कोणाचा किती वाटा, असा एक साधा कागद करा, चौघांच्या सह्या, प्रत्येकाकडे एक प्रत. कोणी सोडून गेला तर त्याचा वाटा राहतो पण नाव कोण वापरणार, हेही लिहा. ज्यांनी लिहिलंय आणि चाल लावलीये त्यांनी आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा, कारण लेखक-संगीतकाराची रॉयल्टी तिथून येते, आणि कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर ती रॉयल्टी कोणत्याही कंपनीला कायमची लिहून देता येत नाही, असा कागद कोणी पुढे केला तर सही करू नका.

हा कागद स्टुडिओचा ॲडव्हान्स देण्याआधी करा, नंतर नाही. आणि फायलींच्या दोन कॉप्या, दोन वेगळ्या घरांत, त्यातलं एक घर ड्रमरचं नको, तो ज्या खोलीत डिस्क ठेवतो म्हणालात तिथे पावसात भिंतीला ओल येते हेही तुम्हीच लिहिलंय. जॅमरूमचं पुढचं रेकॉर्डिंग झालं की पाठवा, तिसरं आणि पाचवं गाणं आधी.